फिक्या उजेडाचे साक्षीदार

येळवशीच्या दिवशी लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात. मार्गशीर्ष अमावास्येला घरंच्या घरं शेतात जातात. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, तूर शेंगांनी वाकते. कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडले जातात, भज्जी, उंडे आणि अंबिलीचा नैवेद्य होतो. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. दिवस मावळताना हेंडगा पेटवून शेताला फेरी घातली जाते आणि मग गाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली गावाकडे वळतात. तेरा तासांची, बिनचंद्राची ती रात्र शेतात एकटीच उरते.

आभाळ पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली रात्र वर्षभरात मिळत नाही. परतीच्या पावसानं धुऊन गेलेली हवा कोरडी झालेली असते आणि मृग, वृषभ, मिथुन हे सगळे तारकासमूह रात्रभर डोक्यावरून जातात. चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. नैर्ऋत्येला लातूरचा पिवळसर उजेड क्षितिजापासून बराच वर चढतो, चौपदरी रस्त्यावरचे दिवेही त्रास देतात. पण रस्ता सोडून वडवळच्या बाजूला आडवं आत गेलं की अजूनही आकाशगंगेचा पट्टा कुणी न दाखवता दिसतो. अशाच एका धुऱ्यावर येळवशीच्या आगेमागे आम्ही दुर्बीण उभी करतो. आम्ही म्हणजे मी, माझे काही विद्यार्थी आणि एक मित्र. सोळा इंची आरसा त्यानं स्वतः घासला. काचेवर काच ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड घालून, महिनोन्‌महिने हातानं. अशा आरशाचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास अचूक यावा लागतो आणि तो हातानं तसा येतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

या आरशातून गुरू-शनी सुंदर दिसतात, पण त्यांच्यासाठी एवढी मोठी दुर्बीण लागत नाही. आम्ही ती काढतो ती फुटून गेलेल्या ताऱ्यांचे अवशेष पाहायला.

सूर्याच्या आठपटीहून अधिक वस्तुमानाचा तारा आपलं इंधन जाळत जाळत शेवटी गाभ्यात लोखंड साठवतो. लोखंडापासून पुढे ऊर्जा मिळत नाही. मग तो गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर हजारो किलोमीटर दर सेकंदाला या वेगानं उधळले जातात. दुसऱ्या प्रकारात मेलेला श्वेतबटू तारा जोडीदाराकडून द्रव्य ओढून घेत सूर्याच्या १.४ पटीच्या मर्यादेजवळ पोचतो आणि सगळाच्या सगळा फुटतो. ही मर्यादा चंद्रशेखर यांनी दाखवून दिली. अतिनवतारा म्हणतात तो हा. काही आठवडे तो अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीस तोड उजळतो आणि विझतो. त्यानं फेकलेला वायू मात्र पुढची हजारो वर्षं पसरत राहतो, ताऱ्यांमधल्या विरळ वायूवर आदळतो, त्याला तापवतो, उजळवतो. आपल्या आकाशगंगेत असे अवशेष सुमारे तीनशे माहीत आहेत. त्यांतले बहुतेक रेडिओ लहरींत सापडले. डोळ्यांना कळणाऱ्या प्रकाशात थोडेच उजळतात, आणि दुर्बिणीला डोळा लावून पाहता येतील असे त्याहून थोडे.

विज्ञानाला आमच्या या पाहण्याची गरज नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण अशा अवशेषांचे रेडिओ नकाशे काढते. आमच्या मराठवाड्यातच औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा उभारायची आहे. मेलेल्या ताऱ्यांच्या गाभ्यांची टक्कर होते तेव्हा अवकाशात उठणारे तरंग ती टिपेल. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८८ मध्ये हंस तारकासमूहातल्या सीटीबी ८० या अवशेषाच्या आत सेकंदाला पंचवीसदा गरगरणारा स्पंदक तारा दाखवून दिला. विज्ञानाचं काम त्या पातळीवर चालतं. धुऱ्यावर उभं राहून डोळ्यानं पाहणाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

तरीही मी पाहतो आणि मुलांना पाहायला लावतो. ते का, हे मला नीट सांगायचं आहे.

आधी या पाहण्याची अडचण समजून घ्यावी लागेल. मोठी दुर्बीण फिकी वस्तू उजळ करते, असं सगळ्यांना वाटतं. ताऱ्याच्या बाबतीत ते खरंही आहे. पण पसरलेल्या तेजोमेघाच्या बाबतीत प्रकाशाचा नियम वेगळा आहे. कितीही मोठा आरसा आणला तरी तेजोमेघाचा पृष्ठभाग उघड्या डोळ्याला जितका उजळ दिसेल त्याहून जास्त उजळ तो करू शकत नाही. तो फक्त मोठा करून दाखवतो. तेवढीच फिकी गोष्ट पण डोळ्याच्या मोठ्या भागावर पसरलेली, आणि अंधारातला डोळा लहान फिक्या डागापेक्षा मोठा फिका डाग सहज ओळखतो. सोळा इंची दुर्बिणीची सगळी करामत एवढ्यावर उभी आहे. उरलेलं काम डोळ्याचं. अंधारात बाहुली पूर्ण उघडायला थोडी मिनिटं पुरतात, पण पडद्यावरच्या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला अर्धा तास तरी लागतो. मधेच कुणी मोबाइल उघडला की तो अर्धा तास वाया. आणि पाहायचं ते थेट रोखून नाही. नजरेच्या मध्यभागी दंडपेशी नसतातच, म्हणून नजर जरा बाजूला ठेवायची आणि कडेनं पाहायचं.

आणखी एक मदत होते ती ओ-थ्री फिल्टरची. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी ही काच आयपीसला लावली की ती फक्त ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरजवळचा हिरवट प्रकाश आत सोडते. तो प्रकाश दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्सना तेजोमेघांच्या वर्णपटात या रेषा दिसल्या, तेव्हा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी त्या जुळेनात. कुणी नवंच मूलद्रव्य असावं असं धरून चालले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: वायू इतका विरळ असेल की अणू बराच वेळ एकमेकांवर आदळतच नाहीत, तर आपल्या ओळखीचा ऑक्सिजनही हाच प्रकाश देतो. आणि अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा नेमका याच ५०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यांत तीक्ष्ण असतो. या योगायोगाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. फुटलेल्या ताऱ्याची लाट ज्या उजेडात आपली खूण देते, तोच उजेड आपल्या रात्रीच्या डोळ्याला सगळ्यांत बरा कळतो.

डिसेंबरच्या अखेरीला संध्याकाळी सातच्या सुमारास हंस पश्चिमेकडे कललेला असतो. त्यात ५२ सिग्नी नावाचा साधा तारा आहे. विल्यम हर्शेलनं ५ सप्टेंबर १७८४ ला या ताऱ्यावरून जाणारा एक लांब, वाकडा पट्टा आणि त्याच्या पूर्वेला दुसरा पट्टा पाहिला. दोन्ही एकाच प्रचंड कड्याच्या कडा आहेत, हे नंतर उमगलं. सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीनं बसतील एवढं ते कडं आभाळात पसरलं आहे. आपल्यापासून सुमारे २४०० प्रकाशवर्षं दूर, फुटून दहा-वीस हजार वर्षं झालेली. विलियमिना फ्लेमिंग यांना १९०४ मध्ये छायाचित्राच्या काचेवर त्याचा आणखी एक त्रिकोणी तुकडा सापडला. सगळ्या अवशेषांत हा सोपा. फिल्टर लावला की सोळा इंचीतून त्याचे पीळ सुटे सुटे दिसतात.

एका रात्री शेजारच्या शेतातले मामा हरभऱ्याला पाणी द्यायला आले होते. आठवड्याआड रात्रीची लाईट असते, तेव्हा आमच्या भागातले शेतकरी रात्र काढतात ती मोटारीजवळ. डोक्याला बांधलेली बॅटरी विझवून ते बांधावर आले.

“काय बघूलालाव ओ गुर्जी?”

“फुटलेल्या ताऱ्याचा धूर म्हणा, मामा. बसा जरा. डोळं अंधाराला सरावू द्या.”

ते बसले. कुठल्या पाळीला किती सऱ्या भिजतात, डीपी जळाली तर किती दिवस जातात, हे सांगत राहिले. अर्धा तास झाल्यावर त्यांनी आयपीसला डोळा लावला. काय दिसतं ते मी त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“हितनं तिकडं गेलंय बघा,” हवेत बोटानं वळण काढत ते म्हणाले. “इझल्या चुलीचा धूर रहातोय तसं. वर दोन फाटं हायत.”

मी वहीत आधी काढलेलं रेखाचित्र लाल उजेडात पाहिलं. वळण तेच होतं. फाटेही तिथेच होते.

त्या रात्रीपासून आमच्या गटात हा रिवाज पडला. अवशेष जितका फिका, तितकी त्याबद्दल आधीच वाचलेल्या माणसाची साक्ष कच्ची. आपण छायाचित्र पाहिलेलं असतं, आकार ठाऊक असतो आणि मन तो अंधारात काढून ठेवतं. ज्याला आकार माहीत नाही त्यानं न सांगता तोच आकार काढला, तरच वहीत ‘दिसला’ असं लिहायचं. एरवी ‘शक्य’. आणि काहीच नसेल तर ‘दिसला नाही’. तारीख, वेळ, हवेतलं दव, कृत्तिकांत उघड्या डोळ्यांनी किती तारे मोजता आले, हे सगळं त्याखाली.

आमची पिढी आभाळ शिकली ती हौसेनं नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. गणपती विसर्जनाची रात्र होती, माणसं थकून झोपली होती. दगडमातीच्या घरांखाली हजारो गेली. चाकूरकडे त्या मानानं थोडकं झालं, पण त्यानंतर कित्येक महिने आमच्या जिल्ह्यातल्या माणसांना छताखाली झोप लागत नव्हती. अंगणात, खळ्यावर, शेतात खाटा टाकून माणसं झोपायची. धक्के बसायचे. लहान मुलं रात्रभर जागी असायची आणि जागी असली की वर पाहायची. पुढे मी हिशेब करून पाहिला, तेव्हा कळलं की जमीन हादरली त्या मिनिटाला रोहिणी जवळजवळ माथ्यावर आली होती. म्हणजे वृषभ डोक्यावर होता, आणि वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष होता. या दोन गोष्टींत काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. आभाळाला आपल्या दुःखाची खबर नसते. पण एका क्षणात सगळं कोसळतं आणि त्यातून उरलेलं पुढे किती काळ सरकत राहतं, हे आम्हाला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

शिंगाच्या टोकाशी असलेला तो अवशेष म्हणजे क्रॅब तेजोमेघ. आमच्या अक्षांशावरून रात्री साडेअकराच्या सुमारास तो जवळजवळ थेट माथ्यावर येतो. डॉबसनच्या बैठकीवरच्या दुर्बिणीला नेमकं माथ्यावरचं पकडणं अवघड जातं, म्हणून तो थोडा पूर्वेला असतानाच धरावा लागतो. ही बैठक ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते जॉन डॉबसन अमेरिकेत रामकृष्ण संप्रदायाच्या मठात संन्यासी होते. तिथेच त्यांनी जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ काचा घासून आरसे बनवायला सुरुवात केली. लाकडी खोक्यात फिरणारी नळी, एवढी साधी त्यांची रचना. पुढे मठ सुटला आणि ते सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आभाळ दाखवत राहिले. मोठ्या दुर्बिणी हौशी माणसाच्या आवाक्यात आल्या त्या या साध्या रचनेमुळे.

क्रॅब जॉन बेविसनं १७३१ मध्ये पाहिला, १७५८ मध्ये मेसियेनं धूमकेतूच्या मागावर असताना पाहिला आणि आपल्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला. आयपीसमध्ये तो एक लांबट, कडा विरघळलेला करडा ठिपका. मुलं निराश होतात. मग मी त्यांना तिथंच थांबायला सांगतो. पाच मिनिटांनी ठिपक्याच्या एका बाजूला खाच जाणवते, मग दुसऱ्या बाजूला. त्यातला मऊ उजेड चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आहे. ओ-थ्री लावला की तो दबतो आणि हवा क्षणभर स्थिर झाली तर आतले धागे एकदम वर येतात, पुन्हा बुडतात. मध्यभागी सेकंदाला तीसदा फिरणारा ताऱ्याचा गाभा आहे. तो आमच्या दुर्बिणीच्या आवाक्याच्या काठावरचा. सगळा मेघ आजही दर सेकंदाला दीड हजार किलोमीटर पसरतो आहे.

हा तारा पृथ्वीवरून फुटताना दिसला तो ४ जुलै १०५४ ला. चीनमधल्या सोंग राजवटीच्या ज्योतिषांनी त्याला पाहुणा तारा म्हटलं आणि लिहून ठेवलं: २३ दिवस तो दिवसाढवळ्या दिसत होता, आणि रात्री एप्रिल १०५६ पर्यंत. जपानी नोंदींतही तो आहे. आज क्रॅबचं वय आपल्याला कळतं ते त्या नोंदींमुळे.

तेव्हा आमचा हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. गादीवर पहिला सोमेश्वर. त्याची राजधानी आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या शेजारच्या बिदर जिल्ह्यातलं. चालुक्यांचे शिलालेख तिथी, वार, नक्षत्र, संक्रांत, ग्रहण यांच्या उल्लेखांनी भरलेले आहेत. ग्रहणाच्या पर्वकाळी जमीन दान दिली, संक्रांतीला दिवाबत्तीची सोय केली. आभाळावर त्यांचं बारीक लक्ष होतं. पण पाहुण्या ताऱ्याचं काय? जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी भारतीय साहित्यात अशा ताऱ्यांचे उल्लेख सापडतात का, याचा शोध घेतला. २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. निर्विवाद म्हणता येईल असा उल्लेख हाती लागला नाही.

या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. सुरुवातीला मी पावसाळ्याला दोष देत असे. जुलैत आषाढाचं आभाळ झाकलेलं, तारा दिसलाच नसेल. पण पुढे तो पावणेदोन वर्षं उघड्या डोळ्यांना दिसत होता. त्या हिवाळ्यात ज्वारी राखणाऱ्या, रात्री मोट धरणाऱ्या, बैलांना वैरण टाकायला उठणाऱ्या कितीतरी माणसांनी तो वृषभाच्या शिंगाशी पाहिलाच असणार. त्यांना तो नवा आहे हेही कळलं असणार, कारण शेतात राहणाऱ्या माणसाला वृषभ आणि मृग ओळखीचे असतात. मग लिहिलं का गेलं नाही? मला वाटतं, ग्रहण आणि संक्रांत पंचांगात आधी मांडून ठेवलेली होती. दान द्यायला, कोरायला त्यांची जागा ठरलेली होती. अवचित आलेल्याला उत्पात म्हणून शास्त्रात वर्गवारी होती, त्याची फळंही सांगितलेली होती. पण अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक ताऱ्याजवळ एवढं तेजस्वी दिसलं, असं लिहून ठेवण्याची सवय नव्हती. ज्यानं पाहिलं त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्यानं न ठरलेल्या गोष्टीला ओळ दिली नाही.

याच्या उलट एक उदाहरण मला धीर देतं. काश्मीरमधल्या बुर्झहोमला नवाश्मयुगीन वस्तीत एक कोरलेला दगड सापडला. त्यावर शिकारी आहेत, जनावर आहे आणि वर आभाळात शेजारी शेजारी दोन तेजस्वी गोल आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी हृषीकेश जोगळेकर व अनिकेत सुळे यांनी असा तर्क मांडला की त्यातला एक गोल म्हणजे अतिनवतारा असावा, आणि त्याचा अवशेष म्हणजे ब्रह्महृदयाजवळचा एचबी ९. हा तर्क आहे, त्यावर शंका घ्यायला जागा आहे. पण तो खरा असेल, तर अक्षर माहीत नसलेल्या कुणीतरी हातात टोकदार दगड घेऊन आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पुढच्यांसाठी राखून ठेवलं.

क्रॅबहून अवघड काम बाकीच्या अवशेषांचं. मिथुनेच्या पायाशी आयसी ४४३ नावाचा अवशेष आहे. त्याची उजळ कमान फिल्टरनं जेमतेम हाती लागते. शर्मिष्ठेतल्या कॅसिओपिया ए चा प्रकाश पृथ्वीवर पोचला तो शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षांच्या सुमारास. रेडिओ लहरींत तो सूर्यमालेबाहेरचा आभाळातला सगळ्यांत प्रखर स्रोत, पण मधल्या धुळीमुळे डोळ्याला एखाददुसरा डाग, तोही सगळ्या रात्रींत नाही. आणि वृषभाच्या उत्तरेकडच्या शिंगाजवळ, अग्नी ताऱ्याच्या पलीकडे, सिमेइस १४७. १९५२ मध्ये क्रिमियातल्या सिमेइस वेधशाळेत तो छायाचित्रांवर सापडला. तीन अंश पसरलेलं बारीक धाग्यांचं जाळं. छायाचित्रात तासन्‌तास प्रकाश साठवला की ते जाळं अंगावर येतं. डोळ्याला मात्र साठवता येत नाही. दर क्षणी जे येईल तेवढंच. दुर्बीण त्या जागेवरून हळूहळू सरकवायची. मग वाटतं की इथे पार्श्वभूमी किंचित कमी काळी आहे. पुन्हा मागे यायचं. आता नाही. वही उघडायची आणि ‘दिसला नाही’ असं लिहायचं.

वर्षानुवर्षं आमच्या वहीत सिमेइस १४७ पुढे हेच दोन शब्द आहेत. मुलं म्हणतात, “गुर्जी, थोडंसं वाटलं होतं, लिहू का?” मी विचारतो, “वाटलं का दिसलं?” थोडा वेळ शांत राहून ती सांगतात, “वाटलं.” तेवढ्या एका उत्तरासाठी मी त्यांना थंडीत उभं करतो. परीक्षेत, कार्यालयात, निवडणुकीत, घरात वाटलेलं पाहिलेलं म्हणून सांगायचा मोह आयुष्यभर पाठीशी असतो. अंधारात, कुणी तपासणार नसताना, आपल्या डोळ्यानं जेवढं पाहिलं तेवढंच लिहायची सवय लागली, तर ती कुठंही उपयोगी पडते. फिके अवशेष ही सवय लावतात. उजळ वस्तू ती लावू शकत नाही, कारण तिथे खोटं बोलायची गरजच पडत नाही.

पहाटे तीनच्या सुमारास हरभरा दवानं भिजतो, दुय्यम आरशावरही दव धरू लागतं. त्या वेळी दक्षिणेला नौकेचं शीड वर आलेलं असतं. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना हा भाग दिसतच नाही. चाकूरहून तो क्षितिजाच्या पंचवीस अंश वर चढतो, ही आम्हाला भूगोलानं दिलेली मोठी देणगी. इथे सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी एक तारा फुटला, आपल्यापासून आठशे-नऊशे प्रकाशवर्षांवर. त्याचा अवशेष आठ अंश पसरला आहे. १ मार्च १८३५ ला जॉन हर्शेलनं दक्षिण आफ्रिकेतून त्याची एक अरुंद, सरळ धार पाहिली. दुर्बीण बरीच खाली झुकवून, दक्षिणेकडची हवा स्वच्छ असेल त्या रात्री तीच धार आम्हालाही मिळते. तो तारा फुटला तेव्हा शुक्राहून कितीतरी तेजस्वी दिसला असणार. तेव्हाही माणसं होती, त्यांनी मान वर केली असणार, एकमेकांना दाखवलं असणार. लिपी कुठेच नव्हती. म्हणून त्याची तारीख कुणालाही कधीच सांगता येणार नाही.

या तीन गोष्टी मी मुलांपुढे ठेवतो. शिडातला तारा फुटला तेव्हा कुणालाच लिहिता येत नव्हतं. वृषभातला फुटला तेव्हा लिहिता येत होतं, चीननं लिहिलं, आपण लिहिलं नाही. तिसरा अजून यायचा आहे. आपल्या आकाशगंगेतला उघड्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ चा, केप्लरच्या काळातला. अशा दीर्घिकेत शतकात एक-दोन तारे फुटतात, बरेचसे धुळीआड. मृगातली काक्षी ही फुटण्याच्या वाटेवरची तारका २०१९-२० च्या हिवाळ्यात चांगलीच मंदावली, तेव्हा जगभरच्या निरीक्षकांनी श्वास रोखला होता. ती पुन्हा उजळली. ती उद्या फुटेल किंवा लाख वर्षांनी.

उपग्रह आणि मोठ्या वेधशाळा तो क्षण टिपतीलच. तरी त्या रात्री आमच्या तालुक्यातून काय दिसलं, दिवसा ती किती वेळ दिसत राहिली, तिच्या उजेडात पिकांच्या सावल्या पडल्या का, हे इथं उभ्या असलेल्या माणसालाच लिहावं लागेल. आणि त्यासाठी इथं अंधार शिल्लक राहायला हवा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये अंधाऱ्या आभाळाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली; म्हणजे महाराष्ट्रात हे जमतं. रस्त्यावरच्या दिव्याला वरून टोपी घालून उजेड फक्त खाली पाडायचा, एवढंच काम असतं. ते प्रत्येक ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं पाहिजे.

तारीख, वेळ, जागा आणि जवळचा ओळखीचा तारा. १०५४ मध्ये या मुलखातून या चार गोष्टी कुणी दगडावर कोरल्या असत्या, तर आज जगाच्या पुस्तकांत कल्याणीचं नाव सोंग राजवटीच्या शेजारी आलं असतं. वडवळ, नळेगाव, चापोली, जानवळ अशा प्रत्येक गावात या चार गोष्टी अचूक लिहू शकणारं, आणि वाटलेलं व दिसलेलं यांतला फरक जाणणारं एक तरी पोर असावं, म्हणून मी दर येळवशीला दुर्बीण शेतात नेतो. पुढचा पाहुणा तारा येईल तेव्हा त्याची एक खरी नोंद मराठीत, चाकूर तालुक्यातून झालेली असली पाहिजे.